बिनचित्राचा डबा

तुमच्या गावात एखादी निवडणूक बिनविरोध झाली म्हणून तुम्ही शेवटची टाळी कधी वाजवलीत? आणि ती वाजवताना, आपल्याला कुणी काही विचारलेलंच नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? मी हे रागानं विचारते आहे, आणि हा राग माझ्या वयाला शोभत नाही असं माझी नातवंडं म्हणतात. पण बारामतीहून इंदापूरला येताना रस्त्याच्या कडेला अभिनंदनाचे मोठाले फलक लागलेले दिसतात, त्यावर 'बिनविरोध' हा शब्द सगळ्यांत ठळक असतो, आणि तो वाचला की मला रॉकेलचे दोन डबे आठवतात. एकावर घागरीचं चित्र होतं. दुसऱ्यावर काहीच नव्हतं. त्या डब्यांची गोष्ट मी आजवर लिहिली नाही, कारण तिला शेवट नाही. आता लिहिते, कारण शेवट करण्याचं काम माझ्या एकटीचं नाही हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

आमचं घर म्हणजे छापखाना होता. पुढच्या खोलीत पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, भिंतीला लावलेले छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांचे लाकडी खण, आणि मागच्या पडवीत आईची चूल. सकाळी पहिला आवाज कोंबड्याचा नसायचा, मशीनचा असायचा. त्याच्या ठेक्यावर आई भाकऱ्या थापायची आणि मशीन मध्येच थांबलं तर तिचाही हात थांबायचा. शाई, रॉकेल आणि भाजलेली बाजरी यांचा मिळून एक वास त्या घराला होता, तो मला अजून कधीकधी विनाकारण येतो. मी अक्षरं शिकले ती शिशाच्या खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. सरळ अक्षरं मला शाळेत पहिल्यांदा भेटली आणि बरेच दिवस ती चुकीची वाटत राहिली. आमच्याकडे लग्नपत्रिका छापल्या जात, तमाशाची जाहिरात छापली जाई, पण अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जीव पत्रकांत होता. साक्षरतेची पत्रकं, कुळांच्या हक्काची, दारूबंदीची, आपल्या भाषेच्या राज्याची. बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं केली, त्यांचीच कव्हरं पुस्तकांना घातली, आणि शाळेत न्यायची भाकरीही आई त्यातच गुंडाळून द्यायची. शाई पुरती वाळलेली नसली की गरम भाकरीवर अक्षरं उमटत. अण्णांचा एकच नियम होता. ज्या पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, ते ते छापत नसत. "ज्याला नावाची भीती वाटते, त्यानं तोंडानं बोलावं," असं म्हणून कितीतरी गिऱ्हाइकं त्यांनी दारातून परत पाठवली आणि आईचे शब्द ऐकून घेतले.

माझी मैत्रीण तारा त्या भाकऱ्या वाचायची. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी लिंबाखाली डबा सोडायचो. तिच्याकडे भेंडी, वांगं, गवार, जे त्या आठवड्यात मळ्यात निघालं असेल ते; माझ्याकडे भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. "शके, आज काय लिवलंय भाकरीवर?" असं म्हणून ती भाकरी उजेडाकडे धरायची. उलटी अक्षरं वाचायला मीच तिला शिकवलं होतं. "बंधूंनो जागे व्हा," ती वाचायची, आणि मग तो तुकडा मोडून म्हणायची, "घे, जागी हो." तिचे वडील सीतारामतात्या कालव्याच्या पाण्यावर भाजीपाला करायचे. नववीपर्यंत पोचलेली त्यांच्या वाडीतली ती पहिली मुलगी. रोज चालत यायची, आणि बाजाराच्या दिवशी आईबरोबर तागडी घेऊन भाजीला बसायची.

देशाची दुसरी मोठी निवडणूक नुकतीच होऊन गेली होती. तेव्हाची मतदानाची रीत आताच्या वाचकाला सांगायला हवी. चिठ्ठीवर खूण करायची नसे. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर त्याच्या चिन्हाचं चित्र चिकटवलेलं, आणि मिळालेली चिठ्ठी आपल्याला हव्या त्या पेटीत टाकून यायचं. आमच्या देशमाने सरांनी हेच शाळेत करायचं ठरवलं. सर मूळचे बारामतीचे, अंगानं किरकोळ, बोलताना खडूचा हात कोटाला पुसायची सवय. शाळेचं मंत्रिमंडळ असावं, त्याचा मुख्यमंत्री मुलांनीच निवडावा, आणि तोही खऱ्यासारखा, असं त्यांनी हेडमास्तरांच्या गळी उतरवलं. कासारगल्लीतून रॉकेलचे रिकामे डबे आणून त्यांच्या झाकणाला फटी पाडल्या. अण्णांनी फुकटात चिठ्ठ्या छापून दिल्या. सरांनी तालीमही घेतली. एकेकानं पडद्यामागे जायचं, चिठ्ठी टाकायची, बाहेर यायचं. पाचवीतला एक मुलगा बाहेर येऊन सरांना म्हणाला, "सर, तुमच्याच डब्यात टाकली." सर म्हणाले, "अरे, मी उभाच नाही." तर तो म्हणाला, "म्हनून तर. कुनाला राग नगं."

आम्ही सगळे हसलो. आज वाटतं, सगळ्या प्रकरणाचं मूळ त्या पोराच्या बोलण्यात होतं.

उभे दोघंच राहिले. एक वसंत, शाळा कमिटीचे अध्यक्ष आबासाहेब यांचा पुतण्या. सायकलवरून येणारा, पण कुणाही पोराला ती चालवायला देणारा, मनानं मोकळा मुलगा. त्याचं चित्र पतंग. दुसरी तारा, चित्र घागर. तिचं म्हणणं एवढंच होतं की मधल्या सुट्टीत अर्धं मैदान मुलींना मिळावं, कारण आम्ही मुली तेव्हा खिडकीतून खो-खो बघायचो. वसंताचे दोस्त ओरडायचे, "पतंग उडंल, घागर फुटंल!" तारा थांबून म्हणायची, "तहान लागली की पतंग पी मग." आठ दिवस शाळेत दुसरा विषय नव्हता. एरवी बाकावर झोपणारी मुलं वाद घालू लागली. मी तर घरी जेवतानाही भाषणं करत होते, आणि आई म्हणायची, "आधी घास गीळ, मग राज्य कर."

मग आबासाहेब शाळेत आले. त्यांच्याबद्दल मला न्यायानं लिहायचं आहे. बारामतीच्या बाजूला त्यांचा कालव्याखालचा ऊस होता, नव्या साखर कारखान्याच्या सभासदांत त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि आमची शाळा त्यांच्याच खटपटीनं उभी राहिली होती. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, आवाज हळू. प्रार्थनेनंतर लिंबाखाली उभं राहून ते म्हणाले, "पोरांनो, गेल्या पंचायतीला आमच्या गावात मतं झाली. तवापासनं भावकीच्या हिरीवर दोन रहाट हायेत. माझा चुलतभाऊ गेला, तर त्याच्या मातीला मला कुनी बोलवलं न्हाय. मतं म्हंजे अशी असत्यात. तुमच्या हितं तसं नगं. सगळ्यांनी मिळून एक नाव ठरवा. बिनविरोध केलंत, तर त्या हालवर मी पत्रं घालून देतो."

तो हॉल म्हणजे शाळेचं दुखणं होतं. भिंती कधीच्या उभ्या होत्या, वर आभाळ. नववीचा वर्ग त्यातच बसायचा; उन्हाळ्यात आम्ही सावलीबरोबर सरकत सरकत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीला जायचो. त्यामुळे पत्रे म्हटल्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक नाव म्हणजे कोणतं नाव, हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. देशमाने सर कोटाला हात पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी तारा आली नाही, म्हणून शाळा सुटल्यावर मी मळ्यात गेले. सीतारामतात्या बांधावर कालव्याकडे तोंड करून बसले होते. भेंडीची पानं खाली मान घालून होती. पाण्याची पाळी येऊन गेली होती आणि पाटकऱ्यानं, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून देणाऱ्या माणसानं, यांच्या पाटाचं दार उघडलंच नव्हतं.

"इसरला म्हनतो," तात्या म्हणाले. "आजवर कदी इसरला न्हाय. आबासायेबांनी सांगितलं आसंल असं मी म्हनत न्हाय. त्यांना सांगावंच लागत न्हाय. शके, तूच समजाव हिला. नाव मागं घे म्हनावं, नायतर उद्यापासनं शाळा बंद. भाजी वाळली तर ही मुख्यमंत्री होऊन खायाची काय?"

तारा पाटात उभी राहून बादलीनं पाणी काढत होती. तळाचं गढूळ पाणी, बादलीत निम्मा गाळ. मी तावातावानं बोलायला लागले. अन्याय, दडपशाही, पत्रकांतले सगळे शब्द. तिनं मला दुसरी बादली दिली. "आदी ह्या वाफ्याला घाल," म्हणाली. बराच वेळ आम्ही पाणी घातलं. मग ती म्हणाली, "तात्या, मी उद्या शाळंत जाते. तिथं काय बोलायचं ते माझं मी बघते. त्याच्याफुडं तुमी म्हनाल तसं."

तात्यांनी उठून तिच्या हातातली बादली घेतली. आमच्याकडे ते होकारासारखंच असतं.

सकाळी लिंबाखाली टेबल मांडलं होतं आणि त्यावर ताटात बेल आणि भंडारा होता. आमच्या भागात ही शपथेची रीत. तंटा मिटला, सोयरीक ठरली, कुणी माघार घेतली, की बेल-भंडारा उचलायचा. एकदा उचलला की फिरायचं नाही. गावकीत हे मोठी माणसं करत. शाळेच्या मंत्रिमंडळासाठी ते ताट आलेलं पाहून देशमाने सरांचा चेहरा उतरला. त्यांनी इतकी तालीम घेतली होती, तिच्यात या ताटाला कुठं जागा नव्हती. आबासाहेब खुर्चीवर, शेजारी हेडमास्तर, आणि फाटकाशी पटका हातात घेऊन सीतारामतात्या.

"तारा, ये बाळ," आबासाहेब मायेनं म्हणाले. "उचल."

तारा उठायच्या आत वसंत उठला. तो भराभरा टेबलाशी गेला, बेल-भंडारा उचलून त्यानं कपाळाला लावला आणि म्हणाला, "काका, मी माघार घेतली. तारा बिनविरोध. आता पत्रे घाला."  तो हे का करतोय ते मला नंतर त्यानंच सांगितलं. आदल्या दिवशी पाटकरी त्याच्या घरी ओसरीवर चहा पीत बसला होता, आणि कुणाचं दार उघडलं नाही ते हसत हसत सांगत होता.

 मग मुलींच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळी शाळा टाळ्या वाजवायला लागली. आबासाहेब खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. स्वतःच्याच शब्दात अडकलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. देशमाने सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो. मी ताराला कोपरानं ढोसलं, "जा की, घे."

तारा उभी राहिली. "न्हाय," ती म्हणाली. "मला असं नगं."

"आता गं काय?" हेडमास्तर ओरडले. "झालीस की बिनविरोध!"

"वसंतानं सोडलं म्हनून मी झाले, सर. पोरांनी कुटं केलं? परवा ह्याच पोरांनी वसंतासाठी टाळ्या वाजवल्या, आज माझ्यासाठी वाजवत्यात. ह्यांच्या मनात काय हाय ते मला कसं कळनार?" तिचं लक्ष ताटाकडे नव्हतं, डब्यांकडे होतं. "वसंतानं भंडारा उचललाय, त्याला आता हुभं ऱ्हाता येत न्हाय. तर त्याच्या डब्यावरचा पतंग काडा. डबा तसाच ठेवा, बिनचित्राचा. ज्याला मी पायजे त्यानं घागरीत टाकावं. ज्याला मी नगं त्यानं त्या डब्यात. तो डबा भरला तर मी खाली बसंन."

 मी इतकी पत्रकं वाचली होती, पण समोर कुणी उभं नसतानाही लोकांना विचारावं लागतं, हे त्यातल्या एकातही छापलेलं नव्हतं.

आबासाहेब उठले. ते रागावले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. ते घाबरले होते. "आवं मास्तर," ते देशमाने सरांना म्हणाले, "घरात आलेलं पोरगी परत करती. हे काय शिकवलंत तुमी?" मग हेडमास्तरांनी जाहीर केलं की निवडणूक रद्द, यंदा मुख्यमंत्री नाही. फाटकाशी तात्यांनी पटका डोक्याला गुंडाळला आणि ताराला नुसती मानेनं खूण केली. ती दप्तर घेऊन त्यांच्या मागं चालायला लागली. जाताना मला म्हणाली, "चिठ्ठ्या हायेत न्हवं?"

चिठ्ठ्या होत्या. मधल्या सुट्टीत वसंतानं आपल्या हातानं पतंग खरवडून काढला. मी नि त्यानं दोन्ही डबे छत नसलेल्या हॉलच्या कोपऱ्यात ठेवले, पुढं माझ्या आईचं जुनं लुगडं बांधलं, आणि दाराशी उभे राहून चिठ्ठ्या वाटायला लागलो. कुणी घोषणा दिली नाही. कुणी ढकललं नाही. मुलं आपण होऊन रांगेत उभी राहिली, धाकटी आधी, मोठी मागून, आणि तालमीत शिकवल्याप्रमाणे एकेक आत जाऊन येऊ लागली. पाचवीतला तो मुलगा बाहेर आला तेव्हा मी सहज विचारलं, "कुठं टाकलीस?" तर तो म्हणाला, "सांगायचं नसतं, ताई." देशमाने सर शेजारच्या वर्गात आमच्याकडे पाठ करून फळ्यावर काहीतरी लिहीत उभे होते. शेवटच्या मुलीनं चिठ्ठी टाकली तोवर त्यांचा फळा भरला होता.

आम्ही डबे उघडणार तोच हेडमास्तर आले. त्यांनी शिपायाकडून दोन्ही डबे उचलून नेले आणि सामानाच्या खोलीला कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी मी खिळे जुळवले. मोठ्या टायपातले दोनच शब्द: मतं मोजा. अण्णांनी वाचलं आणि विचारलं, "खाली नाव कुणाचं?" मी माझं नाव जुळवलं. त्यांनी त्याखाली छापखान्याचं नाव जुळवलं आणि मशीनवर पाय ठेवला. शाळेच्या प्रश्नपत्रिका त्यानंतर आमच्याकडे छापायला आल्या नाहीत. आई पत्रकांचा गठ्ठा वाळत घालताना एवढंच म्हणाली, "अक्षर चांगलं उठलंय."

बाजाराच्या दिवशी मी पत्रकं वाटत वाटत भाजीच्या ओळीत पोचले. तारा तागडी घेऊन बसली होती. पुढ्यात भेंडी, हिरवीगार. तात्यांनी तिला शाळेतून नेलं त्याच रात्री कालव्याचं दार उघडलं होतं. मी तिला सगळं सांगितलं. लुगडं, रांग, कुलूप.

"मग कोन आलं?"

"मोजलंच नाही."

तिनं एका गिऱ्हाइकाची भेंडी मापली, वर दोन जास्त टाकल्या. "पन टाकली न्हवं सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"न्हाय गं," ती म्हणाली. "माझं मत ऱ्हायलंच की."

मी पिशवीतून भाकरी काढली. ती त्या ताज्या पत्रकातच बांधलेली होती. तारानं ती उजेडाकडे धरली आणि उलटी अक्षरं बराच वेळ वाचत राहिली. त्या दिवशी तिनं तुकडा मोडला नाही. तशीच टोपलीत, ओल्या फडक्याखाली ठेवून दिली.

ती शाळेत परत आली नाही. देशमाने सरांची वर्ष संपताच बदली झाली. पुढच्या वर्षी मुख्यमंत्री बिनविरोध झाला आणि हॉलवर पत्रे आले. मॅट्रिकचा निकाल मी त्याच सावलीत ऐकला. सामानाची खोली नंतर पाडली, तेव्हा डबे भंगारात गेले असं वसंतानं मला पत्रानं कळवलं. तारा त्या मतदानात हरली असेल हे मला अगदी शक्य वाटतं. बिनचित्राचा डबा भरलेला असेल. तिलाही ते शक्य वाटत होतं, म्हणून तर तिनं तो ठेवायला सांगितला होता.

म्हणून तुम्हाला एक काम सांगते. तुमच्या गल्लीत, वाडीत जी शाळा असेल, तिथं या आठवड्यात जा. वर्गाचा प्रमुख कुणी नेमला, ते विचारा. गुरुजींनी नेमला असं उत्तर आलं, किंवा 'सगळ्यांनी मिळून ठरवला' असं आलं, तर पुढच्या वेळी दोन डबे ठेवायला सांगा. उमेदवार एकच असला तरी दोन. त्यातला एक बिनचित्राचा. त्या दिवशी जी मुलगी गैरहजर असेल, तिच्या घरी चिठ्ठी पोचवा. आणि संध्याकाळी मुलांच्या देखत झाकणं उघडून बसा. मतं मोजा. मोजल्याशिवाय उठू नका.